न्हाणीतल्या हंड्यावरचं नाव

ता. ६ आक्टोबर १९३८, गुरुवार

पुणेकरांची वही आली. पुणेकर म्हणजे ह्यांचे चुलतभाऊ नारायणराव. आपल्या कुळाचं पुस्तक छापणार आहेत. मूळपुरुष कुठून आला, हुबळीच्या शाखेत कोण कोण झालं, सगळं लिहून पाठवा म्हणतात. दिवाळी तोंडावर, भाऊजींना दुकानातून मान वर करायला सवड नाही. वही माझ्यापुढं टाकली. "वहिनी, तुम्हाला अक्षर येतं. मागं-पुढं तरी कोण आहे तुमच्या? बसा विचारत."

मागं-पुढं कोण नाही. हे जाऊन अकरा वर्षं झाली, पोर झालंच नाही. त्यांना सांगायला कशाला पाहिजे, मला माहीत आहे की.

मी मराठी दुसरीपर्यंत. पण ह्या दुर्गदबैलच्या बाजारातल्या दुकानात गिऱ्हाइकाच्या भांड्यावर घालायचं नाव वीस वर्षं मीच पाटीवर लिहून देते. मल्लप्पा ते बघून छिन्नीनं उतरवतो. त्याला कानडी येतं, मराठी अक्षर वाचता येत नाही. तरी काढतो माझ्यापेक्षा सुबक.

वही जाड आहे. पुढून कुळाचं लिहीन, मागून माझं. कोण बघतंय.

ता. ९, रविवार

पुढून पाऊण पान झालं. मूळपुरुष: निपाणीकडचा, नाव सापडत नाही. त्याचे दोन मुलगे हुबळीला आले. थोरले रामशेट, लग्नाआधीच वारले. धाकटे गोविंदशेट, म्हणजे माझे आजेसासरे, "यांनी स्वकष्टाने भांड्यांचे दुकान स्थापिले." हे सगळं पुण्याहून आधीच छापून आलंय. मला नुसतं खालचं भरायचं. भाऊजींनी पेन्सिलीनं थोडं भरून ठेवलेलं. ह्यांची ओळ बघितली.

विष्णुशेट. व्यवसाय: दुकान. पत्नी: (रेघ). पुत्र: निपुत्रिक, शाखा खुंटली.

रेघ. मी रेघ.

विचारलं तर म्हणाले, "पुणेकरांचा नियम आहे. जिच्या पोटी पुढचा वंश, तीच नोंदायची. मी काय करू?"

रेघेवर पेन्सिलीनं लिहिलं: अंबू. त्यांनी दुपारी खोडलं. मी संध्याकाळी परत लिहिलं. कागद फाटेल आता.

ता. १४, शुक्रवार

लॅमिंग्टन रोडच्या वकिलांकडं जुने कागद आहेत म्हणे, मूळपुरुषाचा तपास तिथं लागेल. जायचं होतं. गेले नाही. दुकानात लग्नाची पातेली आली, तेवीस नावं लिहून द्यायची होती. मूळपुरुष कुठं पळून जात नाही.

ता. १८, मंगळवार

आजही वकील राहिले. कारण निराळं झालं.

पाणी भरायच्या सणासाठी न्हाणी धुवायला घेतली. इकडं नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी न्हाणीतला हंडा घासून, भरून त्याची पूजा करतात. आमचा हंडा चुलीत मातीनं लिंपून पक्का बसवलेला, तीन माणसांना हलायचा नाही. खालची काजळी कोण काढतंय, वरवर चिंच लावतो दर वर्षी. ह्या खेपेला मला राग आला होता (रेघेचा). राग आला की मी भांडी घासते. काठाखाली बोटं आवळून घासलं, आणि अक्षरं लागली हाताला. खूण असेल म्हणून आणखी चिंच लावली.

चंद्रा.

ठिपक्याठिपक्यांचं, जुन्या वळणाचं.

सासूबाई म्हणायच्या, हंडा कुणाच्या आहेरातला, देणाऱ्याचं नाव असेल कुठंतरी. भांड्यावर देणाऱ्याचं नाव असतं हे खरं, म्हणून मीही कधी बघितलं नाही. पण मी जन्मभर हेच लिहीत आलेय! देणारा गडी असतो. बाप, मामा, शेट, आडनावासकट, "यांजकडून" म्हणून. नुसतं एका बाईचं नाव, ना बाप ना गाव, हे आहेराचं नव्हे. हे मालकिणीचं.

इंदूला विचारलं. इंदू म्हणजे जाऊ, भाऊजींची बायको. "चंद्रा कोण ग आपल्यात?" "मला काय ठाऊक अक्का, मी आले तेव्हापासून ह्या हंड्यावर लाकडाची फळीच बघतेय, झाकणसुद्धा नाही." भांड्यांच्या दुकानदाराच्या घरात हंड्याला झाकण नाही. पंचवीस वर्षं फळी उचलून पाणी काढतेय आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही.

ता. १९, बुधवार

मल्लप्पाला न्हाणीत आणला. नको नको म्हणत होता, बायकांच्या न्हाणीत कसा येऊ. म्हटलं, ये, कोण आंघोळ करत नाही आत्ता. खाली बसला, बोट फिरवलं, आणि हसायला लागला.

"नम्म अप्पाचा हात आहे हा, अक्का. ह्या पहिल्या अक्षराला असा पोटात ठिपका आमचा अप्पाच देत होता."

"चंद्रा कोण?"

हसू गेलं. बाहेर बघितलं, भाऊजी आहेत का म्हणून. मग हळू म्हणाला, "हंड्याची चंद्रक्का. लग्नाकार्याला मोठी भांडी भाड्यानं देणारी. मी लहान होतो. इथून रायापूरला गेली म्हणायचा अप्पा. पुढचं मला विचारू नका, मला इथं काम करायचंय."

इथून म्हणजे कुठून?

"इथून," म्हणाला, आणि न्हाणीची जमीन दाखवली.

ता. २१, शुक्रवार

पाणी भरायचा सण. हंड्याच्या गळ्यात कारल्याची वेल बांधली, पाणी भरलं. सगळ्या जणी पुढून हळदकुंकू लावतात. मी विधवा, मला लावायचं नसतं, तरी गळ्यावर, नावाला लावलं. भाऊजींची शकू म्हणाली, "मोठीआई, तिथं काय लावताय?" म्हटलं, ह्या घरातल्या बाईला.

भाऊजींनी ऐकलं. तोंड कसं झालं ते मी बघितलं. ह्या माणसाला माहीत आहे.

ता. २७, गुरुवार

रायापूरला गेले. मोटारीनं, एकटी. घरी वकिलांकडं जाते म्हणून सांगितलं. खोटं बोलले, बरं वाटलं.

गावात शिरून भांडी भाड्यानं देणारं कोण आहे विचारलं. एकच घर. अंगणात एक म्हातारी शेंगा फोडत बसलेली. सत्तर सहज. वर न बघता, "यारवा नी?" कोण ग तू. कानडीत म्हटलं, हुबळीहून आलेय, दुर्गदबैलातल्या भांड्यांच्या दुकानातून, चंद्रक्काबद्दल विचारायला. तेव्हा वर बघितलं.

"साठ वर्षांनी रस्ता सापडला होय दुकानवाल्यांना?" हे मराठीत. मग, "येतंय मला मराठी. चंद्रव्वानं शिकवलंय. शिव्यांसकट."

नाव बसव्वा. शेजारची पोर, आईबाप पटकीत गेले, चंद्रक्कानं उचलून घरात घेतली, वाढवली. आता तीच भांडी देते लग्नांना. चहा नाही म्हणाली, ताक दिलं. मग बोलायला लागली ती थांबेना. जेवढं आठवतंय तेवढं लिहिते.

निपाणीहून तिघं आले. रामशेट, त्याची बायको चंद्रा, आणि धाकटा गोविंद. वर्षाच्या आत रामशेट तापानं गेला. पोरबाळ नाही. चंद्राजवळ माहेरची भांडी होती, बापानं गाडीभर दिलेली. ती दुर्गदबैलात गोणपाट टाकून बसली आणि लग्नांना भांडी द्यायला लागली. विधवा बाई, उघड्यावर. लोक थुंकायचे, आणि भांडी न्यायचे. दहा वर्षांत दुप्पट भांडी झाली. मग दुकान झालं. गोविंदशेटाचं लग्न तिनंच लावलं.

"मग दीर म्हणाला, आता दुकान झालं, तू आत बस. चंद्रव्वा म्हणाली, मी आत बसले असते तर तू बाहेर कुठं बसला असतास?"

बसव्वा हे सांगताना उभी राहिली. कमरेवर हात ठेवून दाखवलं.

भांडण तीन दिवस. चौथ्या दिवशी सकाळी ती आपली भांडी गाडीत भरून निघाली. माहेरचा मोठा हंडा न्हाणीत, खाली चूल पेटलेली, वर पाणी उकळतंय. निघेना. "मग झाकण उचललं, पदरानं धरून, आणि ते घेऊन गाडीत बसली. हात भाजला होता. डाग होता इथं, मरेपर्यंत."

झाकण कुठं आहे विचारलं तर म्हातारी म्हणाली, "तुझ्या पुढ्यात."

शेंगा त्याच्यातच होत्या.

मी शेंगा जमिनीवर ओतल्या. म्हातारी ओरडली. झाकण उपडं करून पदरानं पुसलं. त्यावर तोच हात, तोच च. चंद्रा कोम रामशेट. कोम म्हणजे बायको, इकडं सगळ्या कागदांवर असंच लिहितात.

लग्नाआधी वारले म्हणे रामशेट. मग ही कोण?

झाकण मागितलं. देईना. "हंडा इथं आण. झाकण आता पुन्हा हंड्याकडं जाणार नाही, हंडा येऊ दे." पुष्कळ सांगितलं. शेवटी झाकणाला तेल-काजळी लावून पुणेकरांच्या वहीतल्या एका पानावर ठसा घेतला. शेंगा परत वेचून दिल्या, सगळ्या. मोटार चुकली, दुसरीनं आले.

ता. २८, शुक्रवार

भाऊजींपुढं ठसा ठेवला. जेवण झाल्यावर, म्हणजे जेवण तरी नीट होऊ दे म्हणून.

"वंशावळ विचारली होती, वहिनी. तुम्ही न्हाणीत शिरलात."

"वंश तिथंच होता."

"ती बाई घर सोडून गेली. तिचं नाव ह्या घरात घेत नाहीत. वडिलांनी आम्हाला शपथ घातलीय."

म्हणजे माहीत होतं. पंचवीस वर्षं मी तिच्या हंड्यातल्या पाण्यानं आंघोळ करतेय आणि ह्यांना माहीत होतं.

मी म्हटलं, चंद्रक्काला पुस्तकात घालायचं. रामशेटाची बायको म्हणून, आणि दुकान तिनं काढलं म्हणून. भाऊजी एकदम खालच्या आवाजात बोलायला लागले. "शकूचं बेळगावला जुळतंय. ते लोक पुस्तक बघणारच. घर सोडून गेलेली बाई निघाली तर उद्या काय म्हणतील? तुमची पुतणी आहे ती. मांडीवर वाढवलीय तुम्ही."

हे खरं. हे मला लागलं. रडू येईल म्हणून उठले. दारात थांबून म्हटलं, "उद्या शकूचं नशीब फुटलं, पोर झालं नाही, तर तीही रेघ. ते चालेल तुम्हाला?"

मी बाहेर पडले तशी आतून हाक आली. "तो हंडा जुना झालाय. कार्तिक सरला की मोडीत घालतो. वितळवून टाकतो."

हंड्याला एक भोक नाही.

ता. २ नोव्हेंबर, बुधवार

पुण्याला मीच लिहिलं. चार वेळा खाडाखोड. हंड्याचा ठसा, झाकणाचा ठसा, आणि लिहिलं की चंद्राबाई कोम रामशेट हिनं दुकान काढलं, आणि विष्णुशेटाची बायको अंबू हिनं त्या दुकानात वीस वर्षं नावं लिहिली, दोघींना पोर नव्हतं, दोघी होत्या. मूळपुरुष सापडला नाही. मला सापडायची इच्छाही राहिली नाही, हे लिहून खोडलं. मग परत लिहिलं.

टपालात मीच टाकलं.

ता. ७, सोमवार

वकिलांकडून माणूस आला. मूळपुरुषाचे कागद सापडले, केव्हा येता? म्हटलं, ठेवा. त्याला वाटलं मला ऐकू येत नाही, मोठ्यानं परत म्हणाला. मी पण मोठ्यानं म्हटलं, ठेवा.

पुढून अजून पाऊणच पान. मागून बरीच झाली.

ता. ११, शुक्रवार

पुण्याचं पत्र. भाऊजींच्या नावानं, माझ्या नावानं नाही. इंदूनं चोरून दाखवलं.

"ठसा कोणीही काढू शकतो. रामशेट अविवाहित अशी आमची नोंद आहे. वस्तू समक्ष पाहिल्याखेरीज बदल करणे शक्य नाही. कार्तिकी अमावास्येस मजकूर छापखान्यात जाईल. वहिनींनी मूळपुरुषाकडे लक्ष द्यावे."

शेवटची ओळ दोनदा वाचली.

अमावास्येला दहा दिवस. समक्ष पाहायचीय ना त्यांना.

ता. १३, रविवार

चूल फोडली.

भाऊजी शकूच्या बोलण्यासाठी बेळगावला गेलेत, उद्या येतील. सकाळी आंघोळी आटपल्या, चूल निवू दिली. मग कुदळ घेतली. माती साठ वर्षांची, विटेसारखी झालेली. इंदू दारात उभी, "अक्का, काय करताय, अक्का, ते आल्यावर..." मल्लप्पाला हाक मारली. तो हात जोडून उभा राहिला, नोकरी जाईल म्हणाला. म्हटलं, तुझ्या अप्पाचा हात मोडीत जाणार आहे, बघत बस. मग आला. दोघांनी मिळून काढला. इंदूनंही शेवटी हात लावला, पदर खोचून.

उन्हात आणून घासला. खालून साठ वर्षांची काजळी, चिंच पुरेना, विटकरीनं घासला. आज पहिल्यांदा पूर्ण बघितला. देखणा हंडा आहे. ठोके दिसतात एकेक.

मल्लप्पाला संध्याकाळी रायापूरला धाडलं. निरोप: हंडा मंगळवारच्या गाडीनं पुण्याला चाललाय, माझ्याबरोबर. गाडी धारवाडला थांबते. झाकण घेऊन ठेसनावर ये. झाकणाशिवाय कुणाची बायको ते सिद्ध होत नाही.

ता. १४, सोमवार

मल्लप्पा आला. मी विचारलं, काय म्हणाली? "'नोडोण' म्हणाली." बघू. आणि? "आणि काही नाही. झाकणावर सांडगे वाळत घातलेत."

भाऊजी दुपारी आले. न्हाणीतला खड्डा बघितला. मग अंगणातला हंडा. बराच वेळ बघत होते. मला वाटलं हात उगारतील. कधी उगारलेला नाही, पण वाटलं.

"हा घराचा हंडा आहे, वहिनी."

"नाव वाचा की."

"बेळगावचं जवळजवळ ठरलंय. तुम्ही उद्या त्या गाडीत बसलात तर ह्या घरात परत..." तोडलं मध्येच. माझं उभं आयुष्य गेलंय ह्या घरात. तोंडातून पुढचं निघालं नाही त्यांच्या. पण कळलं.

म्हटलं, "भाऊजी, चंद्रक्काचा हंडा अडकला होता, म्हणून तिनं नुसतं झाकण नेलं. मी हंडा मोकळा केलाय."

आत गेले. जेवले नाहीत. आज घरात कुणाची गरम पाण्याची आंघोळ नाही. शकूनं विहिरीवर गार पाण्यानं केली. जाताना माझ्याकडं बघून हसली. का हसली कोण जाणे.

ता. १५, मंगळवार. हुबळी ठेसन

फलाटावर बसून लिहितेय. पेन्सिलीला टोक नाही, विळी घरी राहिली.

हातगाडीवर घालून आणला. दुर्गदबैलभर लोक बघत होते. एक म्हणाली, "अंबक्का, माहेरी निघालात की काय हंडा घेऊन?" म्हटलं, होय, हंडा निघालाय, मी सोबतीला. भाऊजी दुकानाच्या पायरीवर उभे होते. अडवलं नाही. या असंही म्हणाले नाहीत.

इंदू निघताना मागच्या दारानं आली. भाकरी, शेंगाचटणी, फडक्यात बांधून. हंड्यातच ठेवली. मग कानाशी, "अक्का, पुस्तकात माझं नाव इंदू लिहिलंय. ते इथं लग्नात ठेवलेलं. माहेरचं कृष्णा आहे. तेही घालायला सांगाल?" बत्तीस वर्षांची बाई, तिचं खरं नाव मला आज कळलं. वहीत लिहून घेतलं, पुढच्या बाजूनं. कुळाच्या पानावर.

तिकीट बघणारा आत्ता येऊन गेला. एवढा हंडा डब्यात चालायचा नाही, सामानाच्या डब्यात टाका म्हणतो. म्हटलं, डब्यात माझ्याशेजारी बसेल, नाहीतर मी सामानाच्या डब्यात बसते. वाकून बघितलं त्यानं. "यारदु री इदु?" कुणाचा आहे हा? म्हटलं, वर नाव आहे, वाच. त्याला मराठी अक्षर येईना. मी वाचून दाखवलं, मोठ्यानं. फलाटावरची माणसं वळून बघायला लागली. परत एकदा वाचलं.

चढवला शेवटी. तोच चढवू लागला.

गाडी हलतेय, अक्षर वाकडं येतंय. हंडा पायाशी, तोंड उघडं. घरातली लाकडाची फळी इंदू देत होती, धूळ जाईल म्हणून. नको म्हटलं. आता फळी नाही घालायची त्याच्यावर.

पुढचं ठेसन धारवाड नव्हे, मध्ये एक आहे. मग धारवाड. म्हातारी "बघू" म्हणाली. सांडगे काढून ठेवायला किती वेळ लागतो बाईमाणसाला? काही नाही लागत. मी उजव्या बाजूला बसलेय, फलाट तिकडं येतो म्हणतात. बसव्वा नसेल तर हंडा एकटाच नेईन पुण्याला, नाव मोठ्यानं वाचून दाखवीन.